व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि ओव्हरड्राइव्ह पेडल

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलन आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशीं इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस बरोबर घेऊन मजकडे आला. शाळेच्या वाद्यवृंदाकडे लक्ष देण्याचें काम मजकडे असल्यामुळें असे पाहुणे मला नवे नाहींत. परंतु या बापलेकांचे प्रश्न एकमेकांच्या अगदीं उलट होते. मुलगा म्हणाला, "सर, मीं दोन वर्षें बक्षिसांचे आणि ओवाळणीचे पैसे सांठविले आहेत. चांगल्यांत चांगलें ओव्हरड्राइव्ह पेडल कोणतें, तेवढें सांगा." वडिलांनीं त्याचें बोलणें पुरें होऊं दिलें आणि मग म्हणाले, "याच्या मामानें अमेरिकेहून परत येतांना एवढा मोठा ॲम्प्लिफायर आणून दिला. त्याचा आवाज आरशासारखा स्वच्छ आहे. आतां तो स्वच्छ आवाज खरखरीत करण्यासाठीं याला आणखी एक डबी हवी आहे! पैसे देऊन स्वर बिघडवून घ्यावयाचा, यांत शहाणपण तें कोणतें?"

मीं मुलास विचारलें, "तुझा ॲम्प्लिफायर कोणता?" तो किंचित् चिडून म्हणाला, "पण सर, मी पेडलविषयीं विचारतों आहें."

येथेंच सर्व गोम आहे. पेडल हें एकटें कांहींच करीत नाहीं. गिटार, पेडल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हीं चार मिळून एक वाद्य होतें. त्यांतील एकाची निवड उरलेल्या तिघांकडे पाठ फिरवून करणें म्हणजे नवऱ्या मुलीस न पाहतां लग्नाची तिथि ठरविण्यासारखें आहे. तथापि वडिलांचा प्रश्न अधिक मुळाशीं जाणारा असल्यामुळें प्रथम त्याचें उत्तर देतों.

आपल्या आजोबांच्या घरीं जो लांकडी पेटीचा रेडिओ असे, तो बटण फिरवितांच बोलूं लागत नसे. आंतील कांचेच्या नळ्या तांबूस प्रकाशानें उजळत, तापत, आणि मग कोठें दूरवरून यावा तसा आवाज येई. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें १९०६ सालीं दोन टोकांच्या नळींत तिसरें एक जाळीदार टोक बसविलें, आणि त्यांतून आवाज मोठा करण्याची युक्ति जगास मिळाली. नळींतील एक टोक तापलें म्हणजे त्यांतून विद्युत्कण निघून समोरच्या पत्र्याकडे धांवतात. मधली जाळी त्या प्रवाहाची दारवान असते. जाळीवरील विजेच्या दाबांत थोडा फरक पडला कीं प्रवाहांत मोठा फरक पडतो. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तारेंत जो व्होल्टचा अल्पसा अंश निर्माण होतो, तो या जाळीवर आणून सोडतात. पुढें ट्रॅन्झिस्टर आला आणि रेडिओंतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आपल्या देशांतही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत ते एके काळीं होत असत. परंतु गिटारवाल्यांनीं त्यांस सोडलें नाहीं, आणि आजही रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील कारखाने मुख्यतः त्यांच्यासाठीं आणि कांहीं शौकिनांसाठीं व्हॉल्व्ह काढीत असतात.

यांचें कारण असें कीं, व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर काम दिलें म्हणजे तो एक मोठी गोड चूक करतो. शेताच्या पाटांत त्याच्या कांठापेक्षां अधिक पाणी सोडलें तर वरचें पाणी बाहेर सांडतें आणि आंतील पाणी कांठाशीं सपाट होऊन वाहतें. व्हॉल्व्हचेंही तसेंच होतें. प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढूं शकत नाहीं आणि शून्याखालीं जाऊं शकत नाहीं. म्हणून गिटारच्या गोल लाटेचे माथे व तळ चेपले जातात. यास ओव्हरड्राइव्ह म्हणतात. व्हॉल्व्ह हें चेपण्याचें काम एकदम न करतां हळूहळू करतो, हें त्याचें वैशिष्ट्य होय. लाटेचा आकार बदलला कीं तिच्यांत मुळांत नसलेले स्वर उत्पन्न होतात. गिटारची पांचवी तार मोकळी छेडली असतां तिचीं कंपनें सेकंदास ११० असतात. ती लाट दोन्ही बाजूंनीं सारखी चेपली गेली तर ३३०, ५५० असे तिच्या विषम पटींतील स्वर वाढतात. एका बाजूनें अधिक चेपली गेली तर २२०, ४४० असे सम पटींतील स्वरही त्यांत मिसळतात.

हें वाचून ज्यांच्या घरीं गाणें आहे त्यांस तंबोऱ्याची आठवण झाली असेल. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला बेताची गोलाई देतो. मग गवई तार आणि घोडी यांमध्यें दोरा सरकवीत बसतो, आणि एका ठिकाणीं तार एकाएकीं झणकारूं लागते. तीच जवारी. तार घोडीला निसटती घासते म्हणूनच तो झणकार उठतो. आणि त्यांतच खर्जाच्या तारेंतला स्वयंभू गांधार ऐकूं येतो. कोणी अजाण मनुष्य म्हणेल कीं तार घासते आहे, आवाज बिघडला आहे, दोरा काढून टाका. दोरा काढला तर तंबोरा मुका होईल. तेव्हां वडिलांच्या प्रश्नास माझें उत्तर इतकेंच कीं, हें बिघडविणें नव्हे, जवारी लावणें आहे. आणि जवारी जशी तारेच्या जाडीप्रमाणें व स्वराप्रमाणें लावावी लागते, तशीच हीही प्रत्येक ॲम्प्लिफायरला निराळी लावावी लागते.

ही युक्ति कोणी प्रयोगशाळेंत बसून शोधिलेली नाहीं. ती मोडक्या सामानांतून निघाली. १९५१ सालीं मेंफिस येथें 'रॉकेट ८८' या गाण्याची रेकॉर्ड झाली, तेव्हां गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर प्रवासांत दुखावला होता आणि त्याच्या फाटक्या स्पीकरांत कागद कोंबून काम भागविलें, अशी हकीकत सांगतात. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीतांत बेस गिटारचा आवाज भुंग्यासारखा घुमतो. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांतील यंत्राच्या एका बिघाडानें तो निर्माण झाला होता. तेथील अभियंत्यानें तोच बिघाड मुद्दाम एका डबींत भरला, आणि १९६२ मध्यें माएस्ट्रो फझ-टोन या नांवानें ती बाजारांत आली. लंडनच्या किंक्स मंडळींतील डेव्ह डेव्हिस यानें तर १९६४ सालीं आपल्या लहान ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्यानें चिरला. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग घरीं करूं नये.

परंतु खरा व्हॉल्व्हचा ओव्हरड्राइव्ह मिळविण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे ॲम्प्लिफायरचा आवाज शेवटपर्यंत वाढविणें. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉल यांच्या मंडळींबरोबर जी रेकॉर्ड केली तींत त्यानें मार्शल कंपनीचा ॲम्प्लिफायर रंगमंचावर वाजवावा तितक्या मोठ्यानें वाजविला. स्वर अप्रतिम उतरला. मात्र बंद खोलींत असा आवाज करणें प्रत्येकास परवडणारें नव्हे. तोच गुण लहान आवाजांत मिळावा, किंवा ॲम्प्लिफायर थोडा आधींच ओसंडावा, या गरजेंतून पेडलांची दुसरी पिढी निघाली, आणि ती प्रामुख्यानें जपानांत. बॉस कंपनीचें ओडी-१ हें पेडल १९७७ सालचें. आयबानेझ या नांवानें विकलें जाणारें ट्यूब स्क्रीमर त्यानंतर, १९७९ च्या सुमारास आलें. त्याची रचना सुसुमु तामुरा या अभियंत्याची. आज ज्या शेकडों डब्या दुकानांत दिसतात त्यांपैकीं पुष्कळशा या एका डबीच्या मुली किंवा नाती आहेत. म्हणून तिची ओळख करून घेतली म्हणजे बाकीच्यांशीं बोलणें सोपें जातें.

तिच्यावर तीन बटणें असतात. ड्राइव्ह म्हणजे लाट किती चेपावयाची. टोन म्हणजे तीव्र स्वर किती ठेवावयाचे. आणि लेव्हल म्हणजे डबींतून बाहेर पडतांना आवाज किती जोरानें पुढें ढकलावयाचा. आंत व्हॉल्व्ह नाहीं. एक लहानशी चिप असून तिच्याभोंवतीं दोन डायोड एकमेकांकडे पाठ करून बसविलेले असतात. सुमारें अर्ध्या व्होल्टच्या पलीकडे ते वाहूं लागतात आणि लाटेचे माथे दाबतात. यांत एक सुंदर खुबी अशी कीं, चेपलेल्या लाटेबरोबर मूळची न चेपलेली लाटही मिसळून बाहेर येते. म्हणून बोटांचा हलका-जड आघात अगदींच पुसून जात नाहीं. दुसरी खुबी अधिक महत्त्वाची. सेकंदास सुमारें ७२० कंपनांच्या खालील स्वरांस ही डबी उत्तरोत्तर कमी वाढविते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें केवळ ८२ असतात. असले खर्जाचे स्वर चेपले म्हणजे चिखल होतो. पुढें टोनचें मंडळ अतितीव्र स्वर कापतें. परिणामीं मधले स्वर, म्हणजे ज्या पट्टींत मनुष्याचा कंठ स्पष्ट उठतो ते, पुढें येतात.

आतां ही डबी कोणत्या ॲम्प्लिफायरला द्यावी? अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या १९६३ नंतरच्या ॲम्प्लिफायरांची प्रकृति अशी कीं, त्यांत खर्ज भरदार, तीव्र स्वर चकचकीत, आणि मधले स्वर खोलगट. एकट्यानें वाजवितांना हें फार रम्य वाटतें. परंतु ढोल, बेस आणि गाणारा यांच्या गर्दींत गिटार हरवते, कारण तिचें बोलणें ज्या पट्टींत असतें तीच पट्टी दबलेली असते. ट्यूब स्क्रीमर नेमकी तीच पट्टी उचलून धरतें. खळग्यांत टेकडी बसावी तसें दोघांचें जमतें. टेक्सासचा विख्यात वादक स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–१९९०) यानें फेंडरपुढें हीच डबी ठेवून काय केलें, तें त्याच्या रेकॉर्डी ऐकणारांस ठाऊक आहे. व्हॉन ड्राइव्ह फारसा वाढवीत नसे; लेव्हल मात्र वर. म्हणजे डबी स्वतः फारशी चेपीत नसे. ती ॲम्प्लिफायरच्या पहिल्या व्हॉल्व्हवर अधिक दाब टाकून त्यासच ओसंडावयास लावी.

मार्शलची गोष्ट निराळी. हनवेल या लंडनच्या भागांत जिम मार्शल यांनीं १९६२ सालीं आपला पहिला ॲम्प्लिफायर फेंडरच्याच एका जुन्या नमुन्यावरून बांधविला; परंतु त्या घराण्यांत मधले स्वर मुळांतच बलवान. तेथें मधले स्वर आणखी उचलणारी डबी पुष्कळदां नाकांत बोलल्यासारखी वाटते. याचा अर्थ ती तेथें निरुपयोगी असा नव्हे. ज्यांचा ॲम्प्लिफायर आधींच जोरानें चेपीत असतो असे जड संगीताचे वादक तिचा ड्राइव्ह शून्यावर व लेव्हल वर ठेवून केवळ खर्जाचा चिखल काढण्यासाठीं ती वापरतात. व्हॉक्स एसी-३० हा तिसरा स्वभाव. क्वीन मंडळींतील ब्रायन मे यानें त्याच्यापुढें ओव्हरड्राइव्ह असें न ठेवतां तीव्र स्वर वाढविणारी साधी डबी ठेविली आणि चेपण्याचें सर्व काम व्हॉल्व्हांवर सोंपविलें. एकच डबी तिन्ही घरीं सारखी नांदेल ही आशा व्यर्थ आहे.

हें मी पुस्तकी ज्ञानानें सांगत नाहीं. महाविद्यालयांत असतांना शिकवण्या करून मिळविलेल्या एका वर्षाच्या पैशांतून मीं अशाच मधले स्वर उचलणाऱ्या जातीचें एक पेडल मागविलें होतें. रेकॉर्डवर ऐकलेला स्वर कानांत भरला होता. दुसरा विचार मनांत आला नाहीं. माझ्या एका मित्राचा ॲम्प्लिफायर इंग्लिश धर्तीचा, मधल्या स्वरांचा आणि जरा मंद स्पीकरचा होता. त्यास तें जोडलें आणि पहिल्याच सुरास आम्ही दोघे एकमेकांकडे पाहूं लागलों. पडशानें बेजार झालेला मनुष्य घागरींत तोंड घालून गात आहे असा तो आवाज! मीं बटणें या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविलीं, बॅटरी बदलली, अखेर डबीच सदोष आहे असें ठरवून ती निम्म्या किमतीस विकली. तीन महिन्यांनीं ती घेणाऱ्या गृहस्थाच्या घरीं गेलों असतां तीच डबी त्याच्या फेंडरपुढें अशी कांहीं गात होती कीं मला चहा गोड लागेना. दोष डबीचा नव्हता, विकणाराचा नव्हता. मीं जोडपें चुकीचें लावलें होतें.

म्हणून निवड करणारानें पहिला प्रश्न स्वतःच्या ॲम्प्लिफायरला विचारावा. पेडल न लावतां त्याचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा आणि तो कोठें ओसंडूं लागतो तें पाहावें. तेथपर्यंत आपल्या घरीं जातां येतें काय? बहुतेक घरीं नाहीं. येथें एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठीं ॲम्प्लिफायरची शक्ति सुमारें दहापट लागते. म्हणजे बावीस वॅटऐवजीं सव्वादोन वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला तरी तो शांत होत नाहीं, निम्मा मोठा राहतो. सदनिकेंत राहणारास बावीस वॅटचा व्हॉल्व्ह ओसंडेपर्यंत नेणें शक्य नसतें. शेजारी तत्पूर्वीं दारावर येतात. अशा वेळीं डबी केवळ धक्का देणारी असून चालत नाहीं. तिनें स्वतःच चेपण्याचें काम सुरेख केलें पाहिजे, कारण मागचा ॲम्प्लिफायर स्वच्छच राहणार. याउलट ज्याचा ॲम्प्लिफायर लहान आहे किंवा ज्याला सभागृहांत वाजवावयाचें आहे, त्यानें डबीचा स्वतःचा स्वर कसा आहे याची फार चिंता न करतां ती किती जोरानें आणि किती स्वच्छ ढकलते हें पाहावें.

दुसरा प्रश्न मधल्या स्वरांचा. त्याविषयीं वर लिहिलेंच आहे. ज्यांस स्वभाव बदलावयाचा नाहीं, आहे त्याच स्वरावर थोडी जवारी हवी आहे, त्यांच्यासाठीं दुकानदार 'पारदर्शक' म्हणून कांहीं डब्या दाखवितात. १९९१ च्या मार्शल ब्ल्यूज ब्रेकरच्या वंशांतल्या पुष्कळ डब्यांना हें विशेषण लावतात. शब्दावर विश्वासूं नये. पूर्ण पारदर्शक असती तर ती डबी कांहींच करीत नाहीं असा अर्थ होईल. परंतु मधल्या स्वरांचा उंचवटा त्यांत कमी असतो हें खरें. अमेरिकेंत बिल फिनेगन यांनीं १९९४ पासून विकलेली क्लॉन सेंटॉर ही डबी तर आज हजारों डॉलरांस विकली जाते. तींत नऊ व्होल्ट आंतल्याआंत वाढवून घेण्याची युक्ति आहे, म्हणून ती मोठी लाट न चेपतां पुढें ढकलूं शकते. गुण खरा, किंमत मात्र संग्राहकांनीं चढविलेली आहे, आणि त्याच रचनेच्या स्वस्त डब्या आज सर्वत्र मिळतात. फझ म्हणजे लाट जवळजवळ चौकोनी करणारी डबी. डिस्टॉर्शन म्हणजे त्या दोहोंमधली. नांवें डब्यांवर कशींही छापलेलीं असतात.

आतां दुकानांतील परीक्षा. शक्य असेल तर आपली गिटार व आपलाच ॲम्प्लिफायर न्यावा. तो जड असेल तर निदान त्याच जातीचा दुकानांत आहे काय हें आधीं विचारावें. मग कानाची सर्वांत मोठी फसवणूक टाळावी. मनुष्याच्या कानास जें थोडें मोठें तें थोडें चांगलें वाटतें. म्हणून पेडल पायानें चालू करतांच आवाज वाढला तर तें लगेच आवडतें. लेव्हलचें बटण असें लावावें कीं पेडल चालू व बंद असतां आवाजाचा मोठेपणा सारखाच राहील, आणि मग दहा-वीस वेळां चालू-बंद करून फक्त स्वराचा फरक ऐकावा. ज्या डबीची भुरळ या परीक्षेंत ओसरते ती तिथेंच ठेवावी. लेव्हल वाढवून व्हॉल्व्हला ढकलण्याची परीक्षा त्यानंतर, वेगळी घ्यावी. पुढें गिटारवरील व्हॉल्यूम निम्म्यावर आणावा. चांगलें ओव्हरड्राइव्ह येथें जवळजवळ स्वच्छ होतें आणि पुन्हा वाढवितांच झणकारतें. ज्याला हें जमत नाहीं तें पेडल एकाच आवाजांत ओरडणारें समजावें. शेवटीं सहाही तारांचा एक भरलेला स्वरसमूह वाजवावा. चेपलेल्या लाटेंत दोन स्वर एकत्र आले म्हणजे त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उठतात. षड्ज-पंचमांचे ते जुळतात, म्हणून जड संगीतांत बहुधा तेवढीच जोडी वाजवितात. परंतु गांधारासारखा स्वर मिसळला कीं गढूळपणा येऊं लागतो. आपणांस गाण्याची साथ करावयाची असेल तर ड्राइव्ह कितपत वाढविला असतां स्वरसमूह अजून ओळखूं येतो, हें पाहणें अगत्याचें आहे. बहुतेक विद्यार्थी ड्राइव्ह फार ठेवतात. घरीं एकट्यानें तें भरदार वाटतें, मंडळींत तें नुसतें घोंघावतें.

पालकांसाठीं विजेविषयीं दोन शब्द, कारण येथें चूक झाली तर पैशाहून अधिक जातें. अमेरिकेंत विकत घेतलेला ॲम्प्लिफायर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टच्या प्लगांत तो सरळ लावला तर क्षणांत निकामी होतो. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि तो घेतांना बावीस वॅट हा आकडा पाहूं नये. तो आवाजाचा आकडा आहे. पाठीमागील पट्टीवर ॲम्प्लिफायर विजेकडून किती वॅट ओढतो तें लिहिलेलें असतें. त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर असावा. अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी कधींही तोडूं नये. वादकाचे हात धातूच्या तारांवर असतात. स्पीकरची जोडणी काढून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालविला तर त्याचा आंतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि पेटी उघडून आंत हात घालण्याचा मोह मुलांस होऊं देऊं नये: तेथें तीनचारशें व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरांत कांहीं काळ दडून राहतो. पेडलला मात्र हें भय नाहीं. तें बहुधा नऊ व्होल्टवर चालतें, साध्या बॅटरीनेंही चालतें. फक्त बाहेरचा अडॅप्टर लावतांना मधली पिन ऋण असलेलाच घ्यावा आणि डबीवरील खूण वाचून घ्यावी.

कानांचेंही तसेंच. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याकडे पाहणाऱ्या सरकारी संस्थेनें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून आठ तासांपर्यंत ठीक मानला आहे, आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीस ती वेळ निम्मी केली आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबलला पाऊण तासही नव्हे, अवघीं पंधरा मिनिटें. ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभें राहिलें कीं आवाज पायांना लागतो आणि कानास कमी वाटतो. म्हणून मुलें तो आणखी वाढवितात. तो खुर्चीवर किंवा कलता ठेवावा.

त्या विद्यार्थ्याचा ॲम्प्लिफायर फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब निघाला, बावीस वॅटचा, सुमारें एकोणीस किलो वजनाचा. वडील आणि मुलगा दोघांनीं तो उचलून रिक्षांत घातला आणि दुकानांत नेला. मीही गेलों होतों. दुकानदारानें पांच डब्या मांडल्या. सारख्या आवाजाची परीक्षा सुरू झाल्यावर मुलाची आवडती, सर्वांत महाग डबी दुसऱ्याच फेरींत मागें पडली. ती वाईट नव्हती, पण फेंडरच्या खळग्यांत ती बसेना. ट्यूब स्क्रीमरच्याच रचनेची एक साधी, हिरव्या रंगाची, वापरलेली डबी राहिली. ड्राइव्ह मध्यावर, टोन मध्याच्या जरा खालीं, लेव्हल पेडल बंद असतांना जितका आवाज तितकाच. घरासाठीं ही जुळणी त्यानें खडूनें डबीवर खुणा करून ठेविली. सभागृहासाठीं ड्राइव्ह खालीं आणि लेव्हल वर, ती दुसऱ्या रंगाच्या खडूनें. वडील सर्व वेळ एका स्टुलावर बसून ऐकत होते. एकदां त्यांनीं मुलास थांबवून विचारलें, "अरे, आतां लावलेलें आहे कीं काढलेलें?" मुलगा म्हणाला, "लावलेलें आहे, बाबा." "मग असूं दे," ते म्हणाले.

पैसे उरले. दुकानदार आणखी एक डबी पुढें करूं लागला. परंतु मुलानें गिटारकडे पाहिलें, तिच्या तारा तांबूस झालेल्या होत्या, आणि त्यानें तारांचे दोन संच मागितले.